सोमवारी बंद असलेलं तुर्की हॉटेल

बंजारा हिल्सच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारा माणूस आधी आपलं दुखणं सांगतो आणि मग, हात किंवा पाय माझ्या हातात असताना, बाकीचंही सांगायला लागतो. सून, नोकरी, अमेरिकेतला मुलगा, जमिनीची भांडणं. मी ऐकते. स्वतःचं काही सांगत नाही. इतक्या वर्षांत ती सवयच होऊन गेली आहे.

ते गृहस्थ पहिल्यांदा आले ते दिवाळी होऊन गेल्यावर. चाळिशी ओलांडलेले, उंच, पिंगट मिशांचे. उजवा खांदा असा जखडला होता की हात कानापर्यंतसुद्धा जात नव्हता. हॉस्पिटलपासून जवळच एक तुर्की हॉटेल आहे, तिथे ते मुख्य स्वयंपाकी होते. मूळचे तुर्कस्तानच्या दक्षिणेकडचे. हाताखालच्या लोकांकडून शिकलेली त्यांची हिंदी म्हणजे ‘जल्दी’, ‘थोडा’, ‘बस’ आणि आमचं हैदराबादी ‘नक्को’. बाकीचं त्यांचा मोबाइल बोलायचा. ते तुर्कीत काहीतरी सांगत आणि मोबाइल एका बाईच्या आवाजात त्याची हिंदी करून देई. ती बाई सगळं एकाच सुरात सांगायची, ‘पाणी पाहिजे’ म्हणायचं असो की ‘फार दुखतंय’ म्हणायचं असो.

फाइलमध्ये ‘जुनं फ्रॅक्चर’ एवढंच होतं. हाड वाकडं जुळलेलं हाताला लागत होतं. मी विचारलं, “हे कसं झालं?”

ते मोबाइलजवळ तोंड नेऊन हळू बोलले. ती बाई म्हणाली, “घर मेरे ऊपर गिर गया.”

माझा हात त्यांच्या खांद्यावर होता, तो तिथेच थांबला. त्यांना वाटलं मला समजलं नाही. मोबाइल बाजूला ठेवून ते स्वतःच म्हणाले, “झेलझेले.”

म्हणजे जलजला. भूकंप. हैदराबादेत वाढलेल्या माणसाला तो शब्द कुणी समजावून द्यायला लागत नाही. मी मान हलवली आणि खांदा शेकायला घेतला.

आमचं गाव मराठवाड्यातलं. आमच्याकडचा भूकंप झाला तेव्हा मी आठेक वर्षांची होते आणि गावात नव्हते. मामा-मामी चिक्कडपल्लीत राहायचे. हैदराबादेतलं गणपतीचं विसर्जन बघायचं म्हणून मी हट्ट करून मामांबरोबर आले होते. हुसेनसागरावर एवढाले गणपती क्रेनने पाण्यात सोडतात, हे मला खरंच वाटत नव्हतं. ते बघितलं, पाय दुखेपर्यंत गर्दीत हिंडले आणि मामींच्या कुशीत झोपले. त्या पहाटे गाव गेलं. आई, वडील आणि धाकटा भाऊ गेले. आमची घरं दगडमातीची, वर मातीचं जड माळवद. ती पडली ती झोपलेल्यांच्या अंगावरच पडली.

मग मी परत गेलेच नाही. जामबागेतल्या मराठी शाळेत मामींनी नाव घातलं, आणि मी हैदराबादची झाले. मामा-मामींना मूल झालं नाही. मीच त्यांचं मूल. मामा जाऊनही आता काही वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, त्याची वेगळी कारणं आहेत, ती इथं सांगत नाही. मामी आणि मी, दोघीच राहतो.

हे सगळं मी त्या स्वयंपाक्यांना कधी सांगेन असं वाटलं नव्हतं. ते नेमाने येत. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम त्यांना दिला होता. लहान मूल भिंतीवर मुंगी चालवून दाखवतं तशी ती बोटं वर जायची. एका ठिकाणी अडली की चेहरा पांढरा पडायचा, पण तोंडातून आवाज निघत नसे. एक दिवस ती बोटं नेहमीच्या जागेच्या पुढे गेली. ते वळून हसले आणि मोबाइल न उघडता म्हणाले, “मेरा बीवी, मेरा अम्मा, उधर.” डाव्या हाताने त्यांनी जमीन दाखवली. आपण पुढे गेलो याचा आनंद आणि हे वाक्य एकत्रच का आलं, ते मला समजलं. चांगलं काही झालं की तिथली आठवण येतेच.

मी म्हटलं, “मेरा भी घर गिरा था. मैं छोटी थी. माँ, बाप, भाई.”

भिंतीवरचा उजवा हात त्यांनी खाली घेतला. मग डावा हात छातीवर ठेवून त्यांनी मान खाली घातली. त्या दिवशीचा राहिलेला व्यायाम मग आम्ही पुरा केला.

फेब्रुवारी लागला. उपचार संपत आले होते. एका शनिवारी जाताना ते थांबले आणि मोबाइलकडून वदवून घेतलं: सोमवारी हॉटेल बंद असतं, दुपारी जेवायला या. घरचं जेवण बनवीन. आणि ज्यांनी तुम्हाला वाढवलं त्यांना घेऊन या.

पेशंटच्या घरी जेवायला जायचं नाही असं मी ठरवलेलं आहे. पण हे नाकारणं मला जमलं नाही.

मामींना सांगितलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. “तुर्की म्हंजे कुठलं ते?” त्यांनी विचारलं.

“लांबचं. माझ्या एका पेशंटचा देश आहे तो. त्यांच्याकडे पण भूकंप झाला होता, मामी. बायको आणि आई गेली.”

मामींचे हात थांबले नाहीत. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. “माझा सोमवार हाय,” त्या म्हणाल्या. “मटनबिटन खायची न्हाई.”

“ते सांगितलंय मी.”

“मग येते.”

आमच्या घरात भूकंप हा शब्द फारसा उच्चारला गेला नव्हता. बातम्यांत कुठं आला तर मामा टीव्हीचा आवाज कमी करायचे, आणि मामी उठून स्वयंपाकघरात जायच्या. म्हणून त्यांनी एवढ्या सहज ‘येते’ म्हणावं याचं मला आश्चर्य वाटलं.

सोमवारी मामींनी ठेवणीतली जांभळी इरकल नेसली. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून कॅबमध्ये मांडीवर तिळाच्या पोळ्यांचा डबा. हॉटेलचं पुढचं शटर अर्धं खाली होतं. आम्ही वाकून आत गेलो. खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या होत्या, आणि खिडकीजवळच्या एका टेबलावर तेवढी पांढरी चादर घातली होती. एसी बंद, गाणी बंद. रस्त्यावरची वाहनं काचेपलीकडून जात होती, पण त्यांचा आवाज आत फारसा येत नव्हता. ते पुढं आले, मामींचा हात हातात घेतला, त्याचं चुंबन घेतलं आणि तो आपल्या कपाळाला लावला. मामी गोंधळल्या. असं त्यांना आजवर कुणी केलं नव्हतं.

“त्यांच्याकडे मोठ्यांच्या पाया पडतात ते असं,” मी अंदाजानं सांगितलं.

“मोठं व्हा,” मामी त्यांना म्हणाल्या, आणि लगेच ओशाळल्या, कारण ते त्यांच्याहून हातभर उंच होते.

आधी सूप आलं. मसुरीच्या डाळीचं, दाट, वरून तापवलेल्या लोण्यात तांबडं तिखट घालून ओतलेलं आणि चुरलेला वाळका पुदिना. त्यावर लिंबू पिळायचं. मामींनी एक चमचा घेतला, तोंडात घोळवला. “वरनच की हे,” त्या म्हणाल्या. “फोडणी न्यारी हाय तेवढी.” भट्टीतून नुकतीच काढलेली फुगलेली रोटी त्यांनी आपल्या सवयीनं कुस्करून त्यात घातली आणि हातानं खायला सुरुवात केली. ते बघून त्या गृहस्थांनीही चमचा ठेवून दिला आणि तसंच केलं.

मग द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, थंडच वाढायचा असतो तो. अख्खं वांगं चिरून त्यात कांदा-टोमॅटो भरून तेलात मऊ शिजवलेलं. शेंगांची भाजी. घट्ट दही, इतकं घट्ट की वाटी उलटी केली तरी पडलं नसतं. मामी वांग्याकडे बघून म्हणाल्या, “भरल्या वांग्याला ह्यांनी शेंगदान्याचं कूट घातलं न्हाई.” मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मोकळं हसले.

बोलणं फारसं होत नव्हतं. ते वाढायचे, बसायचे, खायचे. रिकाम्या हॉटेलात भांड्यांचा आवाज मोठा वाटत होता. पण कुणाला अवघडल्यासारखं झालं नाही. दुःखाच्या घरी भेटायला जातो तेव्हा काहीतरी बोलावं लागतं, आणि जे बोलतो ते खोटं वाटतं. इथं तसं काही नव्हतं. काय झालं ते तिघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे जेवता येत होतं. अन्न चांगलं लागत होतं. मी किती दिवसांनी एवढं शांतपणे, कामाचा फोन न बघता जेवत होते.

पानं संपत आली तेव्हा त्यांनी मोबाइल मामींसमोर ठेवला. त्यावर एका मुलीचा फोटो होता. दहा-अकरा वर्षांची, कपाळावर सरळ कापलेले केस, मांडीवर मांजर.

“बेटी,” ते म्हणाले.

ती वाचली होती. त्या पहाटे ती त्यांच्या पोटाशी झोपली होती, तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. आता दुसऱ्या शहरात त्यांच्या बहिणीकडं, म्हणजे आत्याकडं होती. हे त्यांनी मोडक्या हिंदीत, हातवारे करून स्वतः सांगितलं. पुढचं मात्र मोबाइलवर बोलून माझ्याकडे सरकवलं, आणि ती बाई तिच्या त्याच सुरात म्हणाली की, मुलगी रोज बोलते. शाळेचं सांगते, मांजराचं सांगते. मी तिच्या आईचा विषय काढला की फोन आत्याच्या हातात देते. म्हणून आता मीही काढत नाही. तुम्ही लहान होतात. तुम्हाला काय हवं होतं?

असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी काचेबाहेर बघितलं. एक बाई स्कूटर लावत होती, हेल्मेट काढून आरशात केस नीट करत होती. ती आत जाईपर्यंत मी तिच्याकडेच बघत राहिले.

मग मी हिंदीत, सोपे शब्द शोधत म्हटलं, “कुणीतरी त्यांच्याबद्दल बोलावं असं वाटायचं. पण मी विषय काढला तर मामी रडतील, अशी भीती वाटायची. म्हणून मी गप्प बसायची.”

मामी शेजारीच होत्या. हिंदी त्यांना माझ्यापेक्षा चांगली समजते, जन्म चिक्कडपल्लीच्या बाजारात गेलाय. त्यांनी दह्याची वाटी खाली ठेवली.

“मी तुझ्यासमोर कधी रडले?” त्यांनी मराठीत विचारलं.

“समोर नाही.”

“मग?”

“न्हाणीत. नळ सोडून.”

मामी माझ्याकडे वळल्या. “तुला ऐकू यायचं?”

“यायचं, मामी.”

“मला वाटायचं नळाच्या आवाजात कळत न्हाई.” त्या हळूच म्हणाल्या. पदरानं तोंड पुसलं, मग ओठ, मग पुन्हा तोंड. ते गृहस्थ एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. शब्द समजत नसले तरी त्यांनी भाषांतर मागितलं नाही.

मग मामींनी ती सकाळ सांगितली. मला सांगितली की त्यांना, कोण जाणे. दख्खनीत आणि मराठीत मिसळून, टेबलाच्या चादरीवरचा चुरा बोटानं गोळा करत.

मामा दूध आणायला खाली गेले होते. दुधाच्या बूथवर कुणाचा तरी रेडिओ चालू होता. ते दूध न घेताच वर आले आणि दारात उभे राहिले, आत येईनात. मामी तेव्हा तिशीच्याही नव्हत्या. मी झोपलेली होते. मामा त्याच कपड्यांवर निघून गेले, मिळेल त्या गाडीनं. “ह्या लेकराला काय सांगू?” असं मामींनी जिन्यात विचारलं, तर ते म्हणाले, “मी येईस्तोवर काही सांगू नको.” मग मी उठले. केसांत आदल्या दिवशीचा गुलाल होता.

“तुला न्हाऊ घातलं,” मामी म्हणाल्या. “तू मधनंच विचारायचीस, घरी कधी जायचं. मी म्हनायची, पाऊस लई हाय, रस्ता बंद हाय. खोटं न्हवतं ते. पाऊस होताच.”

मला ते न्हाणं आठवत होतं. पाणी तांबडं होऊन मोरीतून जात होतं. पुढचंही आठवत होतं, ते मी त्यांना सांगितलं. मामा परत आले तेव्हा मी जिन्यात खेळत होते. त्यांचं डोकं पूर्ण काढलेलं होतं. गावात माणूस गेलं की पुरुष डोकं काढतात, एवढं मला कळत होतं. मी त्यांच्या डोक्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला उचलून घेतलं. ‘तुझी आई गेली’ असं मला कुणीच कधी म्हटलं नाही. ते डोकं बघून मला समजलं, आणि मला समजलंय हे त्यांना समजलं. तेवढ्यावरच आमचं पुढचं आयुष्य निघालं.

मी हे थोडक्यात त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

मामी मग त्यांच्याकडे वळल्या. आवाज एकदम घरातल्यासारखा झाला. “सुनो बाबा,” त्या म्हणाल्या, “बच्ची के सामने रो लेव तुम. छुप के नक्को रोव. उसे सब सुनाई देता.”

“नक्को,” ते म्हणाले. त्यांना तेवढाच शब्द पकडता आला होता. मी ते वाक्य सावकाश पुन्हा सांगितलं. त्यांनी मोबाइल उचलला नाही. उठले, ताटं एकावर एक ठेवली आणि आत घेऊन गेले.

बराच वेळ ते आले नाहीत, म्हणून मी आत डोकावले. भटारखाना मोठा, स्टीलचा, सगळं पुसून लख्ख ठेवलेलं. एका शेगडीवर जाड बुडाची रुंद कढई होती. लोणी वितळत होतं. मला बघून ते म्हणाले, “मीठा बाकी.” आणि मग मोबाइलवरून सांगितलं. आज बायकोचा आणि आईचा दिवस आहे, घर पडलं तो. आमच्याकडे माणूस गेलं की घरात रव्याचा हलवा करतात, आणि दर वर्षी त्या दिवशी पुन्हा करतात. घरातले, शेजारचे आळीपाळीनं ढवळतात. ज्याच्या हातात चमचा असेल त्यानं आपल्या माणसांची आठवण काढायची. तो वास गेलेल्यांपर्यंत पोहोचतो, असं म्हणतात. तेव्हा घर नव्हतं, कढई नव्हती. मी दवाखान्यात होतो. नंतर इथं आलो. इथं करायचा तर ढवळायला कुणी नाही, खायला कुणी नाही. एकट्यानं करायचा नसतो.

मामी कधी माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या ते मला समजलं नाही. “काय म्हनतेत?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

“शिरा?” त्या म्हणाल्या. “गेलेल्यांचा?” आमच्याकडे शिरा म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद, पाहुणा आला की करायचं ते गोड. सुतकात कुणी शिरा करत नाही. मला वाटलं त्यांना ते बरं वाटणार नाही.

त्या गृहस्थांनी कढईत चिलगोज्याच्या बारीक बिया टाकल्या, त्या तांबूस झाल्यावर रवा. लाकडी चमच्यानं ढवळायला लागले. तो हलवा फार वेळ भाजावा लागतो, हात थांबला की खालून करपतो. थोड्या वेळानं त्यांचा खांदा वर उचलला जायला लागला, हात दमला की शरीर जसं चोरून काम करतं तसं. महिनोन्महिने मी हेच त्यांना करू नका म्हणून सांगत होते.

“द्या इकडे,” मी म्हटलं आणि चमचा घेतला.

आईची आठवण काढायची म्हटलं तर माझ्याजवळ फार काही नव्हतं. हिरव्या बांगड्या, उन्हात तापलेल्या लुगड्याचा वास. चेहरा फोटोतला आठवतो, खरा आठवत नाही. वडिलांचा खांदा, त्यावर बसून बघितलेलं बाजाराचं गाव. भाऊ तर अजून धड बोलतही नव्हता. तेवढंच मी पुन्हा पुन्हा आठवत राहिले. रव्याचा रंग बदलत होता. लोण्याचा वास सगळ्या भटारखान्यात भरला होता.

मग मामींनी हात पुढं केला. चमचा घेताना त्यांचा पदर कढईजवळ येत होता, तो मी मागून कमरेला खोचून दिला. त्या ढवळायला लागल्या. त्यांचा हात सवयीचा, कढईच्या कडेनं गोल आणि मग मधोमध. काही वेळानं त्या म्हणाल्या, “आपल्याकडं गोड झालंच न्हवतं.”

“काय?”

“तेराव्याचं गोड. माणूस गेल्यावर तेराव्याला गोड करून खात्यात, मग सुतक सुटतं. तुझ्या आईचं कुठं झालं? गावात शिजवायला कोन होतं? तुझ्या मामानं एका चितेवर कितीतरी जनं ठेवलेली बघितली. इथं आल्यावर मी इचारलं, गोड करू का. ते म्हनले, कुनासाठी करतीस. मग राहूनच गेलं.” चमचा फिरत होता. “माझी ननंद होती ती. मला लई जीव लावायची.”

त्या गृहस्थांनी दुसऱ्या शेगडीवर दूध-साखर उकळत ठेवली होती. ते मामींच्या बाजूला उभे राहिले आणि ओंजळ समोर धरून काहीतरी पुटपुटायला लागले, फार हळू. मामींनी ढवळता ढवळता डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते मी विचारलं नाही. दोघांची भाषा वेगळी, देव वेगळे, आणि कढई एकच. मी ओट्याला टेकून उभी राहिले. त्यांनी दूध ओतलं तेव्हा सूं करून वाफ उठली आणि मामी एक पाऊल मागं सरल्या. मग झाकण ठेवून आम्ही तिघं तिथंच थांबलो, ते मुरेपर्यंत.

हलवा त्यांनी चमच्यानं थापून तीन बशांत घातला. शेजारी छोट्या काचेच्या पेल्यांतून तांबडा कोरा चहा. आमच्या शिऱ्यापेक्षा तो कोरडा होता, गर्द तपकिरी, कमी गोड. मामींनी पहिला घास बाजूला काढून ठेवला. त्यांनीही त्यांच्या बशीतला एक घास बाजूला काढला, मामींचं बघून की त्यांच्याकडेही तसं असतं म्हणून, माहीत नाही. आम्ही खाल्लं. मामींनी पुन्हा मागून घेतला. राहिलेला हलवा त्यांनी डब्यात भरून दिला, आणि मामींनी आमच्या चिक्कडपल्लीच्या बिल्डिंगमध्ये वरपासून खालपर्यंत घरोघर वाटला. “कशाचं आहे, अम्मा?” असं समोरच्या तेलुगू बाईंनी विचारलं तेव्हा मामी म्हणाल्या, “माझ्या नणंदेचं.”

त्यानंतर ते गृहस्थ आणखी काही वेळा हॉस्पिटलात आले. हात आता डोक्याच्या वर जात होता. उन्हाळा सुरू व्हायच्या सुमारास एक दिवस आले ते निरोप घ्यायलाच. नोकरी सोडली होती. बहिणीच्या शहरात एका शाळेच्या भटारखान्यात काम मिळालं होतं, पगार इथल्यापेक्षा कमी. मी व्यायामांचे व्हिडिओ त्यांना पाठवून दिले. ते म्हणाले, “तेझे को सलाम.” तेझे म्हणजे मावशी.

पावसाळ्यात त्यांचा आवाज आला मोबाइलवर, आणि त्याखाली त्या बाईच्या आवाजातली हिंदी. मुलगी पहिले काही दिवस त्यांच्याशी नीट बोलतच नव्हती. समोर असल्यामुळे आता फोन आत्याच्या हातात देऊन निघून जाता येत नव्हतं, म्हणून ती खोलीतून निघून जायची. एका संध्याकाळी ते स्वयंपाकघरात बायकोचा विषय निघाल्यावर रडले, तिच्यासमोरच. ती दारात उभी राहिली. मग आत आली आणि तिनं विचारलं, आईला त्या रात्री थंडी वाजली असेल का? इतके दिवस ती एवढंच मनात धरून बसली होती. त्यांनी काय उत्तर दिलं ते त्यांनी कळवलं नाही. खांदा बरा आहे, असं शेवटी होतं.

मी तो निरोप मामींना ऐकवला. त्यांनी तो पुन्हा एकदा लावायला सांगितला. आमच्या घरातलं बोलणं त्याआधीच बदललं होतं. त्या सोमवारी कॅबमध्येच त्याची सुरुवात झाली होती. नारायणगुड्याच्या सिग्नलला गाडी थांबलेली असताना मामी बाहेर बघत एकदम म्हणाल्या, “तुझी आई शीळ घालायची, ठाव हाय का तुला?”

“शीळ?”

“पोरासारखी. दोन बोटं तोंडात घालून. तुझे वडील रानात असले की ती माळवदावर चढून शीळ घालायची, जेवायला या म्हनून. म्हातारी माणसं नावं ठेवायची. मी नवी नवरी, पहिल्यांदा तिकडं गेले तवा मला म्हनली, तुला शिकवते. आमी दोघी मळ्यात जाऊन बसलो दुपारभर. मला काई जमली न्हाई. नुसती थुंकी उडायची.”

मामी हसत होत्या. मी विचारलं, “मग?”

“मग काय,” मामी म्हणाल्या, “ती हसून हसून आडवी झाली बघ. तिच्या पुढच्या दाताचा एक तुकडा उडालेला होता. हसली की दिसायचा.”

हे मला माहीत नव्हतं. फोटोत तिचं तोंड मिटलेलं आहे.